‘पोट साफ होत नाही’ ऐकताच गोळी लिहू नका

तालुक्याच्या गावी दवाखाना चालवून मला २३ वर्षं झाली. इंटर्नशिप संपवलेली मुलंमुली अधूनमधून काही महिने माझ्याकडे बसायला येतात. हुशार असतात, कष्टाळू असतात. पण पेशंटनं ‘डॉक्टर, पोट साफ होत नाही’ म्हटलं की दोन मिनिटांत चिठ्ठी तयार होते: रात्री एक गोळी, सकाळी एक सिरप, ‘पाणी भरपूर प्या’. पेशंट खाटेवर आडवाही झालेला नसतो. जुन्या बद्धकोष्ठतेत बहुतेक चुका या दोन मिनिटांत होतात.

‘साफ होत नाही’ म्हणजे काय, हे न विचारणे

एकाला आठवड्यातून दोनदाच होतं. दुसऱ्याला रोज होतं, पण अर्धा तास कुंथावं लागतं. तिसऱ्याला रोज सकाळी व्यवस्थित होतं, तरी वडिलांना दोनदा व्हायचं म्हणून तो वर्षानुवर्षं चूर्ण खातोय. तिघांचं वाक्य एकच असतं.

मी चार प्रश्न विचारतो. आठवड्यातून किती वेळा? कुंथावं लागतं का? बाहेर येताना अडतं का, बोट लावून काढावं लागतं का? झाल्यावर मोकळं वाटतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणी आपणहून देत नाही, विशेषतः बायका. सरळ विचारलं की बऱ्याच जणी ‘हो’ म्हणतात, आणि इतकी वर्षं हे कुणी विचारलंच नव्हतं, असंही सांगतात. मग मी टेबलाच्या काचेखालचा ब्रिस्टल तक्ता, म्हणजे शौचाच्या प्रकारांची चित्रं, दाखवतो. सात चित्रांपैकी पहिल्या दोनांवर, म्हणजे लेंड्या किंवा खड्यांच्या गाठोड्यावर, बोट पडलं तर शौच आतड्यात फार काळ राहतंय, एवढं नक्की.

बद्धकोष्ठता ओळखायच्या २०१६च्या आंतरराष्ट्रीय ‘रोम’ निकषांत तेच आहे: कुंथणं, खडा होणं, अपुरं वाटणं, अडल्यासारखं वाटणं, हातानं मदत करावी लागणं, आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा होणं. पहिल्या पाचांपैकी जी तक्रार धरायची, ती चार वेळा शौचाला गेल्यावर एकदा तरी घडत असली पाहिजे. सहांपैकी दोन गोष्टी गेले तीन महिने असतील आणि त्रासाची सुरुवात सहा महिन्यांमागची असेल, तर ती जुनी बद्धकोष्ठता. रोज न होणं हा निकष कुठेही नाही. दोन दिवसांनी, पण विनासायास होणाऱ्या माणसाला औषध देऊ नका, समजावून सांगा. त्याला वेळ लागतो, आणि तो द्यायलाच हवा.

गुदद्वारात बोट घालून न तपासणे

या चुकीवर मी सगळ्यांत जास्त बोलतो, कारण ती मला एका आजींनी शिकवली.

वय ७६. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन होऊन दोन महिने झालेले. मुलगा म्हणाला, ‘डॉक्टर, आठ दिवस झाले, आईचे जुलाब थांबतच नाहीत. कपडे खराब होतात.’ त्याआधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. जुलाब बंद करायची गोळी, अँटिबायोटिक, ओआरएस, सगळं देऊन झालेलं. आजी रात्री वारलेल्या यजमानांना हाका मारत होत्या, सुनेला ओळखत नव्हत्या. पोट फुगलेलं, आणि बेंबीखाली हात ठेवला की तिथे एक गोळा लागत होता. लघवी थेंबथेंब गळत होती.

हातमोजा घातला, जेली लावली. बोट एका पेरापलीकडे गेलं नाही. आत दगडासारखा मळ ठासून भरला होता. ‘जुलाब’ म्हणजे त्या दगडाच्या कडेनं झिरपणारं पातळ पाणी. आणि ते थांबवायला गोळ्या दिल्यामुळे दगड आणखी घट्ट होत होता.

लघवीची नळी (कॅथेटर) घातल्यावर जवळजवळ एक लिटर लघवी निघाली. मग सिस्टरच्या मदतीनं, भुलीची जेली लावून, थोडं थोडं करत बोटानं मळ काढला. पाऊण तास लागला. पुढचे काही दिवस पॉलिएथिलीन ग्लायकॉलची, म्हणजे मळ मऊ करणारी, पावडर दिली. तिसऱ्या दिवशी आजींनी नातवाला नावानं हाक मारली.

मुलाला मी घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगितलं होतं. दुखण्यावरची ट्रॅमाडॉल, कॅल्शियम, लोहाची गोळी, रात्रीची अमिट्रिप्टिलिन (नैराश्यावर आणि नसांच्या दुखण्यावर देतात ती). चारही गोळ्या आतडं मंदावणाऱ्या किंवा मळ घट्ट करणाऱ्या. महिन्यापूर्वी ड्रेसिंगसाठी आल्या होत्या, तेव्हा ‘चालू ठेवा’ असं मीच लिहिलं होतं. सोबत रेचक, म्हणजे पोट साफ करणारं औषध, लिहिलं नव्हतं. ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे.

तेव्हापासून माझ्या दोन सवयी आहेत. ट्रॅमाडॉल किंवा कोडीनसारखं वेदनाशामक सुरू करायचं तर त्याच चिठ्ठीवर रेचक लिहायचं, त्रास होण्याची वाट पाहायची नाही. आणि म्हाताऱ्या माणसाला नवे ‘जुलाब’ लागले, की आधी बोटानं तपासायचं, मग औषधाचा विचार.

औषधांची पिशवी तर प्रत्येकाचीच बघा. रक्तदाबावरचं व्हेरापामिल, अ‍ॅल्युमिनियमची अँटासिडं, कंपवातावरची आणि मनोविकारांवरची काही औषधं, सगळी यात येतात. पेशंट ती ‘औषधं’ म्हणून सांगत नाहीत. ‘कॅल्शियम हे काय औषध आहे का?’ असं म्हणतात.

बोट घातल्यावर अर्धवट तपासणे

मळ आहे की नाही एवढंच बघून बोट बाहेर काढू नका. एक हात पोटावर ठेवा आणि पेशंटला सांगा, ‘संडासला बसल्यासारखं कुंथा.’ पोट ताठ व्हायला हवं, आणि त्याच वेळी बोटाभोवतीचा स्नायू सैल पडून बोट बाहेर ढकललं जायला हवं. काही जणांत तो स्नायू उलट आवळतो. दार लावून घेऊन ढकलण्यासारखं. अशा माणसाला तुम्ही कितीही इसबगोल चारा, पोट फक्त फुगेल. एका शिक्षिका ताईंनी सहा वर्षं हेच केलं होतं, डोस वाढवत वाढवत. त्यांना रेचक नको होतं, स्नायू सैल सोडायला शिकवणारं बायोफीडबॅक हवं होतं. ते मोठ्या शहरातच मिळतं, पण पाठवायला हवं, हे माझ्या बोटाला एका मिनिटात कळलं.

स्त्री पेशंट असेल तर सिस्टर सोबत हवी, आधी समजावून परवानगी घ्यायची, पडदा ओढायचा. फिशर, म्हणजे गुदद्वाराला चीर, असेल आणि फार दुखत असेल तर त्या दिवशी बोट घालू नका. ‘पेशंटला लाज वाटते’ हे कारण मला पटत नाही. बहुतेक वेळा लाज डॉक्टरला वाटत असते.

रक्त दिसलं की मूळव्याध समजणे

पन्नाशीनंतर शौचाची सवय नव्यानं बदलली, रक्त पडतंय, वजन उतरतंय, हिमोग्लोबिन कमी आहे किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालाय, तर कोलोनोस्कोपीला, म्हणजे दुर्बिणीतून मोठं आतडं तपासायला, पाठवा. मूळव्याध दिसली म्हणून वर काही नाही असं होत नाही. दोन्ही एकत्र असू शकतात.

आणि उलट, २५ वर्षांच्या निरोगी मुलाला पहिल्याच भेटीत कोलोनोस्कोपी सांगू नका. रक्ताच्या तपासण्या पुरतात: हिमोग्राम, साखर, थायरॉइडची टीएसएच, कॅल्शियम, तेही लक्षणं पाहून.

इसबगोल चुकीचा देणे

इसबगोल चांगलाच आहे. पण चमचाभर भुसा दोन घोट पाण्याबरोबर गिळून आडवं व्हायचं असेल, तर न दिलेला बरा. मोठा पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा, वर आणखी एक पेला. सुरुवात पाच ग्रॅमनं, वाढवायचं आठवड्यानं. ज्याच्या आत मळ अडकलाय, त्याला आधी मोकळं करा. गिळायला त्रास असलेल्याला देऊच नका.

तंतूंबद्दल: शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात तीनच्याही आत. दोन्ही वेळा भात खाणाऱ्याला मी एका वेळी भाकरी सांगतो. नुसतं ‘फायबर वाढवा’ म्हटल्यानं कुणाचं जेवण बदलत नाही.

रेचकांची भीती आणि रेचकांची घाई

‘सवय लागेल’ या भीतीनं पेशंटला वर्षभर कुंथत ठेवणं मला चुकीचं वाटतं. पॉलिएथिलीन ग्लायकॉल रोज १७ ग्रॅम, पेलाभर पाण्यात, महिनोनमहिने देता येतं. लॅक्टुलोजनं पोट फुगतं, हे आधीच सांगा, नाहीतर तिसऱ्या दिवशी बंद होतं. बिसाकोडिल किंवा सोनामुखी गरजेपुरती, रात्री. दोन दिवसांत गुण आला नाही म्हणून तीन रेचकं एकत्र करणारे डॉक्टर मी पाहिलेत. एकच औषध पुरेशा डोसमध्ये दोन आठवडे द्या, मग ठरवा.

मूत्रपिंड कमजोर असलेल्याला मॅग्नेशियमचं औषध आणि फॉस्फेटचा एनिमा नको. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला लिक्विड पॅराफिन नको, ते फुफ्फुसात उतरू शकतं.

कमोडवर बसणाऱ्यांना पायाखाली पाट घ्यायला सांगा. वेळ न्याहारीनंतरची, कारण खाल्ल्यावर आतडं हलतं. कामावर संडास नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या आणि दिवसभर दाबून धरणाऱ्या बायकांना मी सकाळी वीस मिनिटं लवकर उठायला सांगतो. पण मी घरच्यांनाही सांगतो, की ती वीस मिनिटं तिला कुणी हाक मारू नका.

मुलांचं औषध लवकर बंद करणे

खडा झाला, दुखलं, म्हणून मूल दाबून धरतं. दाबल्यानं खडा मोठा होतो. आई म्हणते, ‘चड्डीत करतो, आळशी झालाय.’ तो आळस नसतो. फुगलेल्या गुदाशयाला जाणीव राहिलेली नसते. आधी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर देऊन मोकळं करायचं, मग किमान दोन महिने रोज चालू ठेवायची, आणि सगळं नीट होऊन महिना झाल्यावरच हळूहळू कमी करायची. १५ दिवसांनी ‘आता बरा आहे’ म्हणून औषध थांबवलेली मुलं परत येतात, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. म्हणून मी चिठ्ठीवर औषध थांबवायची नाही, तर पुढच्या भेटीची तारीख लिहितो, आणि आईसमोर मोठ्यानं वाचतो.