चिकन-हॅम-चीज पास्ता बेक करताय? या चुका टाळा

कॅसरोल म्हटलं की आपल्याकडे पोळ्या गरम ठेवायचा डबा डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेतल्या मिनेसोटात राहायला गेले तेव्हा शेजारीण म्हणाली, 'पॉटलकला (म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला) एक हॉटडिश आण.' मला काही बोध होईना, तेव्हा तिने समजावून सांगितलं, 'म्हणजे कॅसरोल.' झालं, मी मनातल्या मनात पोळ्या मोजायला लागले.

नंतर उलगडलं की पास्ता, मांस, दाट सॉस आणि चीज एका खोलगट भांड्यात घालून ओव्हनमध्ये भाजायचं, ते कॅसरोल. मिनेसोटाकडे त्यालाच हॉटडिश म्हणतात. मी हौसेने चिकन आणि हॅम घालून केला. घरी चाखला तेव्हा सॉस अगदी हवा तितका दाट होता. ओव्हनमधून निघाला तो असा की सुरीने वड्या पाडाव्यात. शेजारणीने भिडेखातर दोन वड्या घेतल्या.

त्यानंतर तिथल्या आणि मग पुण्यातल्या ओटीजीत (छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) हा प्रकार इतक्यांदा बिघडवला आहे की एक गोष्ट खात्रीने सांगू शकते. ओव्हनमध्ये जाताना हा पास्ता थोडा चुकल्यासारखाच दिसला पाहिजे. पास्ता कच्चट, सॉस पातळ, मीठ कमी. गॅसवर सगळं जुळून आलं असेल तर टेबलावर ते बिघडलेलं येणार, कारण पुढची 25 मिनिटं पास्ता पाणी पीत राहतो आणि उरलेलं पाणी आटत राहतं.

माझं प्रमाण आधी सांगते, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. पास्ता 250 ग्रॅम, दूध 700 मिली आणि चिकन उकडलेलं पाणी 200 मिली, बटर 45 ग्रॅम, मैदा 45 ग्रॅम, चीज 200 ग्रॅम, बोनलेस चिकन 300 ग्रॅम, हॅम 100 ते 120 ग्रॅम. साधारण 20 बाय 25 सेंटीमीटरचं, 5 सेंटीमीटर खोल भांडं. पाच-सहा जणांना पुरतं.

वरून सुंदर, आतून कोरडा गोळा

सगळ्यात जास्त तक्रार हीच असते आणि तिची कारणं दोन. पहिलं म्हणजे पास्ता पूर्ण शिजवणं. पाकिटावर 11 मिनिटं लिहिली असतील तर आठव्या मिनिटाला काढा. दाताखाली मधे कडकपणा जाणवला पाहिजे, तोडून पाहिलं तर आत पांढरा ठिपका दिसला पाहिजे. पूर्ण शिजलेला पास्ता सॉसमध्ये आणखी शिजतो, फुगतो, आणि पेनेचा (नळीसारख्या पास्त्याचा) आकार ओळखू येईनासा होतो. उकळत्या पाण्यात तेल घालायची गरज नाही. पास्ता मोकळा राहतो तो भरपूर पाणी आणि पहिली दोन मिनिटं ढवळण्यामुळे.

दुसरं कारण सॉसचा दाटपणा. लिटरला 50 ग्रॅम मैदा एवढंच प्रमाण धरा. कृतीत लिटरला 100 ग्रॅम दिला असेल तर तो क्रोकेटच्या (तळलेल्या कटलेटसारख्या पदार्थाच्या) सारणाचा सॉस, बेक पास्त्याचा नव्हे. मी सॉसची खूण अशी ठरवली आहे: कढीपेक्षा दाट, इडलीच्या पिठापेक्षा पातळ. पास्ता, चिकन, हॅम सगळं मिसळल्यावर भांडं तिरकं केलं तर कडेला सॉसचं तळं जमलं पाहिजे. ते तळं बघून घाबरू नका, भाजल्यावर ते नाहीसं होतं.

भाजून झाल्यावर कोरडा निघालाच तर 100 मिली दूध चांगलं गरम करून भांड्याच्या कडेकडेने ओता, चमच्याच्या दांड्याने चार-पाच ठिकाणी भोकं पाडा, वर फॉइल लावून 160 अंशावर दहा मिनिटं परत ठेवा. पहिल्यासारखा होत नाही, पण खाण्यासारखा नक्की होतो.

सॉसमध्ये गुठळ्या, किंवा मैद्याचा वास

बटर वितळलं की मैदा घालून मंद आचेवर दोन मिनिटं परता. रंग बदलू द्यायचा नाही, फक्त कच्चा वास जाऊन भाजलेल्या बिस्किटासारखा वास यायला हवा. बेसनाच्या लाडवाचा हात असलेल्यांना हे सांगावं लागत नाही. फक्त त्यांनी लाडवाइतकं भाजू नये, कारण जास्त भाजलेल्या मैद्याची सॉस दाट करायची ताकद कमी होते.

मग दूध. सगळं एकदम ओतलं की गुठळ्या ठरलेल्याच. आधी अर्धी वाटी घाला आणि घोटून गुळगुळीत लगदा होऊ द्या. पुन्हा अर्धी वाटी, पुन्हा घोटा, मग उरलेलं ओतायला हरकत नाही. यासाठी तारेचा व्हिस्क हवा, उलथन्याने हे काम होत नाही. सॉस दाट झाला की लगेच गॅस बंद करणं ही पुढची चूक. उकळी आल्यावर मंद आचेवर आणखी पाच-सहा मिनिटं राहू द्या, नाहीतर जिभेवर पिठूळपणा राहतो. गुठळ्या झाल्याच तर सरळ गाळून घ्या. कोणी विचारायला येत नाही.

मैद्याऐवजी तितकंच कॉर्नफ्लोअर घालू नका. त्याची दाट करायची ताकद मैद्याच्या जवळपास दुप्पट असते. 45 ग्रॅम घातलंत तर खळ तयार होईल.

किसलेलं जायफळ चिमूटभर घाला. सणाला पुरणात पडतं तेच, पण इथे ते दुधाच्या सॉसचा जुना सोबती आहे. पांढरी मिरपूड आणि चमचाभर मस्टर्ड मिळालं तर चीजची चव उठून येते.

चीजमधून तेल सुटलं

सॉस खदखदत असताना चीज घातलं की त्यातली प्रथिनं आकसतात आणि चरबी बाहेर पडते. वर पिवळं तेल, खाली रवाळ सॉस. म्हणून गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा, मग किसलेलं चीज मुठीमुठीने घालून ढवळा. नंतर पुन्हा उकळायचं नाही. फाटायला लागलंच तर आचेवरून उतरवून दोन-तीन चमचे थंड दूध घाला आणि जोरात फेटा, बहुतेक वेळा सावरतं.

कुठलं चीज, यावर घरोघरी वाद. मला विचाराल तर आत एक आणि वर दुसरं. नुसतं मोझरेला आत घातलं तर सॉसमध्ये रबरी तारांचे गोळे होतात आणि चवही फिकी लागते. ते वर घाला. आत चेडर किंवा गौडा घाला, आणि त्यात थोडं आपलं नेहमीचं प्रोसेस्ड चीज मिसळायला लाजू नका. प्रोसेस्ड चीजमध्ये इमल्सिफाय करणारे, म्हणजे चरबी आणि पाणी एकत्र बांधून ठेवणारे क्षार असतात, त्यामुळे ते सहसा फाटत नाही आणि बाकीच्या चीजलाही धरून ठेवतं. मात्र वर फक्त तेच घातलं तर सोनेरी तारा निघत नाहीत, साय धरल्यासारखा पापुद्रा येतो. आणि पाकीट उलटं करून वाचा. 'अ‍ॅनालॉग' असं लिहिलेलं असेल तर ते वनस्पती तेलाचं आहे, त्याच्याकडून चवीची अपेक्षा नको.

खारट! खारट! खारट!

आता जरा बसून हिशोब करा. हॅम खारवलेलं. चीज खारट. अमूलचं पिवळं बटर मीठ घातलेलं. पास्त्याच्या पाण्यात मीठ. चिकन उकडताना मीठ. यातला प्रत्येक पदार्थ आपापल्या जागी बरोबर, आणि एकत्र आले की घास गिळवत नाही. शिवाय ओव्हनमध्ये पाणी आटतं, मीठ मात्र तेवढंच राहतं.

म्हणून पास्त्याच्या पाण्यात एरवीच्या निम्मं मीठ घाला, चिकनच्या पाण्यात नावाला, आणि सॉसमध्ये अजिबात नाही. हॅम, चीज सगळं मिसळल्यावर एक चमचा चाखा. त्या वेळी 'थोडं मीठ हवं होतं' असं वाटलं तर ते बरोबर आहे. काहीही न घालता भांडं ओव्हनमध्ये सारा.

अमेरिकन कृतीत 'क्रीम ऑफ मशरूम'चा एक डबा सांगितलेला असतो. कॅम्पबेल कंपनीने हे सूप 1934 साली बाजारात आणलं आणि तिकडच्या कॅसरोलला तयार सॉस मिळाला. ते आटवलेलं दाट सूप असतं. त्याच्या जागी आपल्याकडचं सुक्या सूपचं पाकीट ओतलं तर मीठ, साखर आणि कॉर्नफ्लोअर तिन्ही जास्त होतात. मी केलं आहे, म्हणून सांगते. घरचा पांढरा सॉस करा आणि त्यात परतलेले मशरूम घाला.

खारट झाल्यावर बटाटा टाकून मीठ शोषलं जाईल, या आशेवर राहू नका. बटाटा आपल्यापुरतं खारट पाणी पितो, बाकीचं तेवढंच खारट उरतं. भाजण्याआधी कळलं तर बिनमिठाचा आणखी सॉस आणि थोडा पास्ता घाला. भाजल्यानंतर कळलं तर काकडी-कोबीचं बिनमिठाचं सॅलड मोठ्या वाडग्यात ठेवा आणि वाढताना घास लहान करा, दुसरा उपाय नाही.

चिकन चिवट, हॅम पाणचट

कच्चं चिकन सरळ पास्त्यात घालून 'ओव्हनमध्ये शिजेलच की' असं म्हणू नका. ते पाणी सोडतं, सॉस पातळ होतो, आणि आतून शिजलंय की नाही हे चीजच्या थराखाली कळत नाही. दुसरं टोक म्हणजे कुकरच्या दोन शिट्ट्या. असं चिकन पुन्हा 25 मिनिटं भाजलं की दोरखंड होतो. उघड्या पातेल्यात, जेमतेम बुडेल एवढ्या पाण्यात, मिरी आणि तमालपत्र घालून मंद आचेवर शिजवा. सगळ्यात जाड तुकड्याच्या मध्यभागी 74 अंश सेल्सिअस झालं की झालं. थर्मामीटर नसेल तर जाड तुकडा कापून बघा, आत गुलाबी दिसता कामा नये. ब्रेस्टपेक्षा मांडीचं मांस इथे जास्त क्षमाशील. तुकडे मोठे ठेवा, उपम्यातल्या गाजरासारखे बारीक नकोत.

पाकिटातलं हॅम ओलं असतं. ते तसंच टाकलं तर पाणी सोडतं आणि चवही मुकी राहते. कागदी नॅपकिनने टिपा, चौकोनी तुकडे करा आणि कोरड्या पॅनवर कडा तांबूस होईपर्यंत दोन-तीन मिनिटं परता. फरक एवढा पडतो की ही पायरी मी आता कधीच गाळत नाही. हॅम म्हणजे डुकराचं मांस, तेव्हा पाहुण्यांना आधी विचारून घ्या. न खाणारे असतील तर बाजारात चिकन हॅम मिळतं, ते याच पद्धतीने चालतं. गोव्याचं चोरिस (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज) घालायचा मोह मलाही होतो, पण त्यातलं व्हिनेगर, मिरची आणि लाल चरबी सगळ्या डिशचा ताबा घेतात. ते पावात खावं.

मशरूम, पालक, मका घालायचा तर आधी परतून पाणी आटवा. एवढंच.

ओव्हनच्या भानगडी

अमेरिकन कृतीतले 350 अंश फॅरनहाइटमधले असतात, म्हणजे आपले साधारण 175-180. ओटीजीचं बटण 250 वर संपतं हे बघून 'मग शेवटपर्यंतच फिरवूया' असं करणारी एक मैत्रीण मला माहीत आहे. वर कोळसा, आत गार.

ओटीजी दहा-पंधरा मिनिटं आधी तापवा, भांडं मधल्या जाळीवर ठेवा, 180 वर 20 ते 25 मिनिटं. कडेने बुडबुडे दिसले की झालं. रंग आला नसेल तर शेवटची तीन-चार मिनिटं फक्त वरचा रॉड लावा आणि तिथेच उभ्या राहा. या तीन मिनिटांत फोन उचललेल्यांचं काय होतं ते मला विचारा. लवकर काळा पडत असेल तर फॉइल झाका.

वर ब्रेडक्रम्ब हवे असतील तर शिळ्या पावाचा चुरा चमचाभर बटरमध्ये आधी परतून घ्या. कोरडा चुरा पांढराच राहतो. आणि चहाबरोबरच्या टोस्टचा चुरा करताना चव बघा, तो बहुधा गोड असतो.

काढल्या काढल्या वाढू नका. दहा मिनिटं थांबलात तर सॉस आळतो, नाहीतर ताटात पसरतो आणि 'पातळ झाला' अशी खोटी तक्रार येते. खरंच पाणचट असेल तर फॉइल न लावता आणखी दहा मिनिटं भाजा.

आदल्या दिवशी करून ठेवायचा असेल तर

रात्रभरात पास्ता फ्रिजमध्येही सॉस पितो. म्हणून भाजायच्या आधी 100 मिली दूध जास्तीचं घाला. पहिली 20 मिनिटं फॉइलखाली आणि पुढची 20 उघडं, असं भाजा. काचेचं थंडगार भांडं तापलेल्या ओव्हनमध्ये थेट ठेवू नका. माझं एक असंच तडकलं आणि काचेसकट सगळं फेकावं लागलं. अर्धा तास बाहेर ठेवा, किंवा धातूचं भांडं वापरा.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं आणि तीन दिवसांत संपायला. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये गरम करताना वरून दोन चमचे दूध शिंपडा आणि निम्म्या पॉवरवर गरम करा, पूर्ण पॉवरवर चीजचं तेल सुटतं. मी तर गरमच करत नाही. गार झालेल्या त्या पास्त्याच्या सुरीने सरळ वड्या पाडते आणि तव्यावर थोड्या बटरमध्ये दोन्ही बाजूंनी खरपूस भाजते. मिनेसोटातल्या शेजारणीला त्या दिवशी असं वाढायचं मला सुचलं असतं, तर तिने तिसरी वडीही घेतली असती.