कॉलेजचं पहिलं वर्ष : खिडकीच्या आतून दिसणाऱ्या चुका, त्या टाळा

सोलापुरातल्या एका सीनियर कॉलेजच्या ऑफिसात मी स्कॉलरशिप आणि परीक्षेचं टेबल सांभाळतो. अभ्यास कसा करायचा हे प्राध्यापक सांगतीलच. मी सांगतो ते खिडकीवर येणाऱ्या पोरांबद्दल. पहिल्या वर्षी अडकलेल्यांपैकी बरेच जण बारावीला चांगल्या मार्कांनी पास झालेले असतात. एखादं साधं काम वेळेत झालेलं नसतं, त्यात पैसे अडकतात, मग हजेरी घसरते आणि शेवटी विषय राहतो.

सगळ्यात जास्त घोळ महाडीबीटीच्या, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन स्कॉलरशिप पोर्टलच्या फॉर्मचा. मुलगा नेट कॅफेत जातो, कॅफेवाला फॉर्म भरतो, घाईत मोबाईल नंबरही स्वतःचाच टाकतो. युजर आयडी आणि पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून देतो, ती चिठ्ठी हरवते. इकडे अर्जात त्रुटी निघून तो विद्यार्थ्याच्या लॉगिनला परत आलेला असतो आणि विद्यार्थ्याला त्याचा पत्ताच नसतो. मुदत संपायच्या दिवशी खिडकीवर, ‘‘सर, बघा की ओ, माझं अजून का आलं नाही?’’ फॉर्म कॅफेत भरा, हरकत नाही. पण नंबर आणि ईमेल स्वतःचा द्या, पासवर्ड वहीत लिहा आणि दर आठवड्याला लॉगिन करून अर्ज कुठपर्यंत पोचला ते बघा. परत आलेला अर्ज दुरुस्त करून मुदतीत पुन्हा पाठवता येतो. मुदत गेल्यावर आमच्याकडेही उपाय नसतो.

अर्ज मंजूर होऊनही पैसे न आलेली मुलं वेगळीच. हे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. तुम्ही दोन-तीन बँकांत खाती काढली असतील तर आधार ज्याला शेवटचं जोडलं गेलंय तिथे. अनेकदा ते खातं पोस्टात किंवा गावाकडच्या बँकेत निघतं आणि पैसे केव्हाच जमा झालेले असतात. आधारच्या वेबसाइटवर लॉगिन केलं की कोणती बँक जोडलेली आहे ते दिसतं. खातं बंद पडलं असेल तर बँकेत जाऊन केवायसी करून घ्या. आणि दहावीच्या मार्कलिस्टवरचं नाव आधारशी जुळतंय का तेही बघा. वडिलांच्या नावातल्या एका अक्षराने अर्ज अडकलेले मी दरवर्षी बघतो.

दाखल्यांचंही तसंच. उत्पन्नाचा आणि नॉन क्रीमी लेयरचा दाखला कधीपर्यंत चालेल ते त्यावरच छापलेलं असतं, बहुतेकदा ३१ मार्च. जून-जुलैत सेतूत रांगा लागतात, तेव्हा एप्रिल-मेमध्येच अर्ज टाकून मोकळं व्हा. जात पडताळणीचं काम तर बारावीत असतानाच सुरू करायचं असतं.

मुलींच्या पालकांसाठी एक गोष्ट. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ करण्याचा शासन निर्णय जुलै २०२४ मध्ये निघाला. मात्र प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला हवा. ‘रांगेत कशाला, थेट घेऊन टाकू’ म्हणून मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर ही माफी मिळत नाही. प्रवेश घेण्याआधी विचारा, फी भरल्यावर नको.

आता हजेरी. ७५ टक्क्यांचा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण हिशेब कोणी करत नाही. मोहोळ, अक्कलकोट, मंद्रूप, तुळजापूर रोडची गावं, सगळीकडून पोरं एसटीने येतात. सकाळची एक गाडी चुकली की पहिले दोन तास गेले, आणि रोज त्याच विषयाचे गेले तर त्या एका विषयात टक्केवारी पार खाली. वेळापत्रक हातात आलं की सरांना भेटून गाडीची वेळ सांगा. आधी सांगणाऱ्याचं ऐकून घेतलं जातं, नोटीस लागल्यावर सांगणाऱ्याचं कमी. पासचंही बघा. विद्यार्थ्यांच्या मासिक पासला ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे दहा दिवसांच्या भाड्यात महिनाभर येणं-जाणं. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झाल्यावर काही मुलींनी पास काढणंच सोडलं. महिन्यात वीस दिवसांपेक्षा जास्त येणार असाल तर पासच स्वस्त पडतो. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा सुरू झाली की अख्खं कॉलेज होम मैदानावर असतं. जायला कोण नको म्हणतंय? नंदीध्वजांची मिरवणूक बघायलाच हवी. पण यात्रेचा पंधरवडा जिरवायला हजेरी आधीच शिल्लक असलेली बरी.

दुसऱ्या एका तऱ्हेची पोरं आहेत, त्यांच्यावर माझा राग आहे, लपवत नाही. नावाला इथे बी.ए.ला प्रवेश घ्यायचा आणि पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेच्या क्लासला बसायचं. इंटर्नलला गैरहजर, प्रोजेक्ट मित्राच्या हाती, परीक्षेला फक्त तोंड दाखवायचं. तिकडे यश आलं तर ठीक. नाही आलं तर पदवीही दोन-तीन विषयांत अडकलेली. पुण्यातच राहायचं असेल तर मुक्त विद्यापीठातून पदवी करा, तो सरळ मार्ग आहे.

विषय निवडताना मित्राचं बघून टिक करू नका. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मुख्य विषयासोबत मायनर (दुय्यम विषय) आणि ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय) हेही निवडावं लागतं. चुकीचं निवडलं असेल तर पहिल्या काही दिवसांतच बदलाचा अर्ज द्या. ती मुदत नोटीस बोर्डावर असते, आणि नोटीस बोर्ड हल्ली कोणी वाचत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर येईल म्हणून सगळे वाट बघतात.

सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या घरात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, शाळा मराठी आणि कॉलेजात अचानक इंग्रजी पुस्तक. पहिल्या महिन्यात गप्प बसणारी पोरं बहुतेक इथेच अडकलेली असतात. गाइड पाठ करून हे सुटत नाही. रोज शिकवलेल्या भागातले पाच-सहा शब्द आपल्या भाषेत समजून घ्या, मग तोच भाग इंग्रजीत दहा ओळींत लिहून सरांना दाखवा. विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळवा आणि घड्याळ लावून एक तरी पूर्ण सोडवा. पेपर ‘येत होता पण वेळ पुरला नाही’ ही तक्रार मग बरीच कमी होते.

विषय राहिलाच तर घरी लपवून बसू नका. निकालानंतर आधी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवा, विषयाच्या सरांना दाखवा आणि ते म्हणाले तरच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरा. दोन्हींची मुदत थोड्याच दिवसांची असते. राहिलेला विषय पुढच्या परीक्षेत काढायचा तर एटीकेटीचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, नियमित फॉर्म भरला म्हणजे तो आपोआप भरला जात नाही.

शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेजात एकदा जमा झाला की परत मिळत नाही. जमा करण्याआधी दहा-बारा झेरॉक्स काढा आणि पीडीएफ स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. आणि खिडकीवर वडिलांना पाठवू नका, स्वतः या. ओटीपी तुमच्या फोनवर येतो.