गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याआधी: दुसऱ्या गाडीतून आणलेल्या ऑटोमॅटिकची तपासणी

दुसऱ्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवून झाला, इंजिन चालू झालं, पण गाडी हलत नाही. किंवा हलते, पण एकाच गिअरमध्ये अडकून बसते. अशा वेळी गिअरबॉक्स पुन्हा खाली घ्यायची घाई होते. घेऊ नका. या कामात निम्म्याहून जास्त गोष्टी बाहेरच सापडतात, आणि त्या तपासायला जी तयारी लागते ती आधीच करून ठेवा.

जॅक, स्टँड, चाकांना लावायचे ठोकळे, हे सांगायला नको. बॅटरी पूर्ण चार्ज केलेली हवी. साधा मल्टिमीटर, गाडीचा ट्रान्समिशन कंट्रोलर, म्हणजे गिअरबॉक्स चालवणारा कॉम्प्युटर, वाचू शकणारा स्कॅनर (फक्त इंजिनचे कोड दाखवणारा स्वस्त स्कॅनर इथे कामाचा नाही), ३०० पीएसआयपर्यंतचा प्रेशर गेज आणि दोन्ही गाड्यांचे वायरिंग डायग्राम. दोन्ही म्हणजे दोन्ही, ज्या गाडीतून गिअरबॉक्स निघाला तिचाही.

आणि अर्थची पट्टी. इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत जाणारी ती जाड, विणलेली पट्टी. मागच्या वेळी माझ्याकडून हीच राहिली, म्हणून ती यादीत सगळ्यात वर. ती राहण्याचं कारणही समजून घ्या. बऱ्याच गाड्यांत ती बेल हाउसिंगच्याच (गिअरबॉक्सचा इंजिनला जोडला जाणारा घंटेसारखा भाग) एखाद्या बोल्टखाली असते. जुना गिअरबॉक्स काढताना ती सुटते, बाजूला लोंबकळते, आणि नवीन गिअरबॉक्सला त्या जागी तसा बोल्टच नसतो. मग ती तशीच राहते. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही रबरी माउंटवर बसलेले असतात, त्यामुळे पट्टी नसेल तर बॉडीशी त्यांचा धड विजेचा संबंध उरत नाही.

इंजिन चालू झालं म्हणजे अर्थ ठीक आहे, असं धरू नका. बॅटरीची निगेटिव्ह तार थेट इंजिनवर असेल तर सेल जोरात लागतो, पण बॉडीवर अर्थ घेणारा कंट्रोलर अर्धपोटी राहतो आणि सोलेनॉइडचे (ऑइलची वाट उघडझाप करणारे विजेचे व्हॉल्व्ह), सेन्सरचे खोटे कोड टाकत सुटतो. उलट निगेटिव्ह तार बॉडीवर असेल तर स्टार्टरचा शंभराहून जास्त अँपिअरचा प्रवाह परत जायला वाट शोधतो, आणि ती वाट गिअरच्या केबलमधून किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून निघते. सेल मारल्यावर केबल गरम लागत असेल तर तिथेच थांबा. आतलं प्लास्टिक वितळून केबल जाम होते.

तपासायचं असं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर (क्लॅम्पवर नाही, पोलवर), दुसरं गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी सेल मारायला सांगा. फरक साधारण ०.२ व्होल्टच्या आत हवा. मग दुसरं टोक बॉडीवर ठेवून तेच करा. इग्निशन चालू ठेवून कंट्रोलरच्या अर्थच्या पिनवरही बघा. ओहममध्ये मोजून समाधान मानू नका. तुटत आलेल्या तारेची एक काडी जरी शिल्लक असली तरी मीटर शून्य दाखवतो, भार आला की तीच तार हात वर करते. बोल्टखालचा रंग आणि गंज घासून काढा. केस नव्याने रंगवली असेल तर तिथे हमखास घोळ असतो.

हे झाल्यावरच पुढे.

ऑइल. कोणतं ते गिअरबॉक्स सांगतो, गाडी नाही. डेक्सरॉन, मरकॉन, एटीएफ प्लस फोर, सीव्हीटीचं वेगळं, यांची सरमिसळ चालत नाही. किती, हाही प्रश्न आहे. सर्व्हिसला चार-पाच लिटर पुरत असलं तरी कोरडा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि रिकामे पाइप धरून त्याच्या दुप्पट लागू शकतं. पातळी बहुतेक ठिकाणी इंजिन चालू ठेवून, ऑइल गरम असताना, पी (पार्क) मध्ये बघतात. क्रायस्लरच्या जुन्या टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्सला एन (न्यूट्रल) मध्ये, कारण पी मध्ये कन्व्हर्टर भरत नाही. डिपस्टिकही गिअरबॉक्सच्याच जोडीची हवी, नाहीतर खुणा खोटं सांगतात. कूलर आणि त्याचे पाइप फ्लश केलेले हवेत. आधीचा गिअरबॉक्स जळून गेला असेल तर त्याचा चुरा तिथेच बसलेला असतो आणि पहिल्या फेरीत नव्यात येतो. ऑइल पुरेसं असूनही पंप घोंघावत असेल तर फिल्टरचं सील बघा, पंप हवा ओढतो आहे.

टॉर्क कन्व्हर्टर. इथे चूक झाली असेल तर मात्र उतरवण्यावाचून इलाज नाही. तो तीन ठिकाणी बसावा लागतो: इनपुट शाफ्टच्या दात्यांवर, स्टेटरच्या दात्यांवर आणि पंपाच्या खाचांत. शेवटचं राहिलं आणि बेल हाउसिंग बोल्टनी ओढून घेतलं, तर पंप फुटतो आणि एकही गिअर लागत नाही. बेल हाउसिंग हाताने इंजिनला टेकलं पाहिजे. टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरावा आणि फ्लेक्स प्लेटपासून (इंजिनच्या मागची पातळ चकती, जिला कन्व्हर्टर बोल्टने जोडतात) थोडी फट राहावी. बऱ्याच गिअरबॉक्सला ती तीन ते पाच मिलिमीटर असते, तरी आपल्या गिअरबॉक्सचा आकडा बघून घ्या. फट नसेल तर पंपावर दाब येतो आहे. फार असेल तर कन्व्हर्टर पुढे ओढला जाऊन पंपाच्या खाचांत पुरेसा राहत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत ठेवणाऱ्या डॉवेल पिना दोन्ही आहेत ना? एक जरी नसली तर पुढचं सील गळत राहतं. फ्लेक्स प्लेटचे बोल्ट लांब निघाले तर ते कन्व्हर्टरच्या आतल्या लॉकअप क्लचच्या पृष्ठभागाला पोचा पाडतात.

गिअरची केबल. लिव्हर पी वर आहे म्हणून गिअरबॉक्स पी वर आहे, असं नाही. केबल सोडवा, गिअरबॉक्सवरचा दांडा हाताने प्रत्येक खाचेत टाका, आतला खटका जाणवला पाहिजे. मग लिव्हर त्याला जुळवा. या दांड्याने हलणारा मॅन्युअल व्हॉल्व्ह अर्ध्यावर राहिला तर प्रेशर कमी पडतं, गिअरबॉक्सच्या आतले क्लच घसरतात आणि जळतात.

जुना, हायड्रॉलिक गिअरबॉक्स असेल तर टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला ते गिअरबॉक्सला कळवणारी. जीएमचा १९८२ चा ७००आर४ घ्या. त्याची टीव्ही केबल ही निव्वळ किकडाउनची (जोरात दाबल्यावर खालचा गिअर टाकणारी) केबल नाही, लाइन प्रेशर, म्हणजे क्लच दाबून धरणाऱ्या ऑइलचा दाब, तीच ठरवते. दुसऱ्या कार्ब्युरेटरवर अंदाजाने जोडून चक्कर मारू नका, क्लच जळायला थोडीच मिनिटं पुरतात. त्याचाच १९९३ चा इलेक्ट्रॉनिक भाऊ ४एल६०ई. त्याला ही केबल नाही, पण कंट्रोलर लागतो. वीज किंवा अर्थ तुटला की दोन्ही शिफ्ट सोलेनॉइड बंद पडतात आणि डी मध्ये गाडी तिसऱ्या गिअरमध्येच उठते. लोक याला क्लचचा दोष समजून गिअरबॉक्स खोलतात. आधी अर्थ बघा!

आता स्कॅनर. कोड लिहून घ्या, पुसा, पुन्हा वाचा. परत येतात तेच खरे. एकदम पाच-सहा सोलेनॉइडचे कोड एकत्र आले तर सोलेनॉइड विकत घेऊ नका. सगळे एकाच वेळी मरत नाहीत, त्यांना पुरवठा करणारा फ्यूज, मुख्य कनेक्टर किंवा अर्थ गेलेला असतो. टायरचा घेर किंवा डिफरेन्शिअलचं गुणोत्तर बदललं असेल तर वेगाचा हिशोब चुकतो आणि गिअर भलत्या वेळी पडतात. हे कॅलिबरेशनचं काम आहे, खोलण्याचं नाही.

प्रेशर गेज लावून आयडलला आणि आर मध्ये आकडा घ्या, मॅन्युअलशी ताडून बघा. स्टॉल टेस्ट (ब्रेक दाबून धरून, गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून बघणं) करायचीच असेल तर पाच सेकंदांच्या वर नाही, समोर माणूस उभा नको, आणि दोन टेस्टमध्ये एन मध्ये ऑइल थंड होऊ द्या.

रस्त्यावरची चक्कर छोटी, हलक्या पायाने. परत आल्यावर गळती, पातळी, कोड. कूलरचे पाइप एक्झॉस्टला टेकत नाहीत ना, तेही. आणि वाकून अर्थच्या पट्टीचा बोल्ट पुन्हा एकदा आवळा.