गुडघेही दुखतात, मनही लागत नाही : घरातल्या वृद्धांचा दुहेरी आजार कसा सांभाळावा

आजीचे गुडघे धरलेत, शुगर आहे, डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्यात दोन महिन्यांपासून ती जेवण टाळते, देवळात जायचं सोडलंय, पहाटे तीनला उठून बसते. घरचे म्हणतात, "वय झालंय." हाडांचे डॉक्टर गुडघे बघतात, शुगरचे डॉक्टर शुगर बघतात, आणि उरलेलं दुखणं कुणाच्याच चिठ्ठीवर येत नाही.

खरं तर या वयात शरीर आणि मन एकमेकांना खाली ओढतात. मन खचलं की जेवण सुटतं. जेवण सुटलं तरी शुगरची गोळी चालूच राहते, मग साखर अचानक उतरते, घाम फुटतो, तोल जातो. एकदा पडलं की चालायची धास्ती बसते आणि अंथरूण सुटत नाही. अंथरुणाला खिळल्यावर मन आणखी खचतं. हे तोडायचं तर दोन्हीकडचा हिशेब एकाच ठिकाणी मांडावा लागतो. त्यासाठी घरातला एक जबाबदार माणूस ठरवा आणि शंभर पानी वही आणा.

पहिलं काम : गोळ्यांची पिशवी रिकामी करा

आपल्या बेळगाव सीमाभागात एकाच माणसाच्या चिठ्ठ्या बेळगावच्या, मिरजेच्या आणि कोल्हापूरच्या असतात. प्रत्येक ठिकाणी कंपनीचं नाव वेगळं, आतलं औषध तेच. त्यामुळे एकच गोळी नकळत दोनदा घेतली जाते. पाकिटावर बारीक अक्षरांत मूळ औषधाचं नाव असतं, ते मेडिकलवाल्याकडून वाचून घ्या आणि वहीत लिहा : नाव, मिलिग्रॅम, वेळ, कुणी दिलं. आयुर्वेदिक चूर्ण, झोपेची गोळी, दुकानातून आणलेली सर्दीची आणि अंगदुखीची गोळीही यात धरा.

काही औषधांखाली रेघ मारून ती डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन आणि मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी दिलेलं अमिट्रिप्टिलिन यांनी वृद्धांना भ्रम होतो, लघवी अडते, बद्धकोष्ठ होतो. झोपेसाठीच्या अल्प्राझोलामने रात्री उठताना पडण्याचा धोका वाढतो, पण बरेच दिवस चालू असेल तर ती एकदम तोडू नका. मनाच्या आजारासाठी लिथियम चालू असेल तर आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी मनाने देऊ नका, रक्तातलं लिथियम चढतं. शुगरची मेटफॉर्मिन गोळी अनेक वर्षं चालू असेल तर रक्तातलं व्हिटॅमिन बी-१२ तपासायला सांगा.

दुसरं काम : बदल कधीपासून आहे ते ठरवा

माणूस काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत बदलला, म्हणजे असंबद्ध बोलायला लागला, दिवसा गुंगीत आणि रात्री सैरभैर राहिला, तर ते म्हातारपण नव्हे आणि वेडही नव्हे. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, अडलेली लघवी, कमी पडलेलं पाणी, उतरलेली साखर किंवा सोडियम, नवी गोळी यांपैकी काहीतरी असतं. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं तर १०८ लावा आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

बदल काही आठवड्यांचा असेल तर उदासीनतेचा विचार करा. दोन प्रश्न शांतपणे विचारा : गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन खिन्न होतं का? आवडीच्या गोष्टींतला रस गेलाय का? आपली जुनी माणसं "मी उदास आहे" असं म्हणत नाहीत. "अंगात ताकद नाही", "पोट बरोबर नाही", "आता काय उरलंय" असं म्हणतात. महिनोन्‌महिने हळूहळू हिशेब चुकत असेल, रोजचा चहा करताना क्रम विसरत असेल, तर स्मृतिभ्रंशाची तपासणी हवी. त्याआधी कान आणि डोळे तपासून घ्या. ऐकूच येत नसेल तर चुकीचं उत्तर मिळणारच. थायरॉईड, बी-१२, सोडियम, हिमोग्लोबिन, साखर आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) हे रक्ततपास डॉक्टरांशी बोलून करून घ्या.

तिसरं काम : डॉक्टरांसमोर भाषा सांभाळा

हे सर्वांत दुर्लक्षित आहे. खानापूरकडच्या किंवा निपाणीकडच्या आजीला कन्नडमधून स्मरणशक्तीचे प्रश्न विचारले तर गुण कमी पडतात आणि नसलेला आजार चिकटतो. प्रश्न मराठीतून विचारावेत अशी विनंती करा. दुभाषा म्हणून बसलात तर उत्तर सुचवू नका, मान हलवू नका. शाळा किती झाली ते आधी सांगा. महिना विचारल्यावर आजी "श्रावण" म्हणाली आणि तो खरोखर चालू असेल तर उत्तर बरोबर आहे, हे डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या.

तालुका सरकारी दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञ कुठल्या वारी येतात ते विचारून घ्या. पुढच्या उपचारांसाठी बेळगावचं बिम्स हे सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आणि धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था आहे. निघणं जमत नसेल तर १४४१६ या टेली-मानस म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतीच्या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं.

उदासीनतेची गोळी सुरू झाली की दोन-चार आठवडे फरक दिसत नाही, वृद्धांमध्ये त्याहून जास्तही लागतात. "गुण नाही" म्हणून मध्येच सोडू नका. एस्सिटालोप्रामसारख्या गोळीबरोबर बीपीची पाणी काढणारी गोळी चालू असेल तर सोडियम उतरू शकतं, म्हणून सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ते तपासायला सांगा.

चौथं काम : घर आणि दिवस

बीपी झोपवून पाच मिनिटांनी मोजा, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना कळवा, औषध बदलावं लागेल. तोवर आधी बसायचं, मग उठायचं.

काठीची मूठ उभ्या माणसाच्या मनगटाच्या घडीइतकी उंच हवी, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. खालचं रबर झिजलं की बदला. पावसाळ्यात अंगणात आणि न्हाणीघरात शेवाळ धरतं, ते घासून काढा. शौचालयापाशी भिंतीत पक्का दांडा बसवा, टॉवेलची दांडी भार पेलत नाही. जून ते सप्टेंबर माणूस घरातच कोंडला जातो, तेव्हा मन जास्त खचतं. रोज दोनदा पडवीत दहा-दहा मिनिटं चालवा आणि शेंगा सोलणं, वाती वळणं असं हाताला खरं काम द्या.

शेतीच्या घरात कीटकनाशक कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे. "जगून काय करू" असं ऐकलं तर स्पष्ट विचारा : जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर "हो" असेल तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पाचवं काम : अपंगत्वाचा दाखला

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही अपंगत्वात धरला आहे आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. पायाचंच प्रमाण काढून परत येऊ नका, दोन्हींची तपासणी मागा. दोन टक्केवाऱ्यांची साधी बेरीज होत नाही. ९० मधून मोठा आकडा वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणून ९० ने भागायचं आणि ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. पायाचे ३५ आणि मनाचे ३० असतील तर साधारण ५३ होतात. एकट्या पायावर नाकारला गेलेला माणूस असा पात्र ठरतो. यूडीआयडीचा (अपंगत्वाच्या ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन भरता येतो, पेन्शनचा नाडकचेरीत, म्हणजे होबळीच्या महसूल कार्यालयात. अर्ज कन्नडमध्ये असेल तर सही किंवा अंगठा करण्याआधी तो वाचून घ्या. आधार आणि रेशनकार्डावरचं नाव एकसारखं आहे ना ते घरीच तपासा, नावातल्या फरकावरून अर्ज अडकतो.