काना पुसला, ई तशीच

कराडला कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. शपथपत्रं, साठेखतं, बक्षीसपत्रं, सगळं इनस्क्रिप्टवर, म्हणजे मराठी टायपिंगच्या प्रमाणित कीबोर्ड-मांडणीवर. भाच्याच्या नादाने मेकॅनिकल कीबोर्ड घेतला आणि त्यावर बसवायला इंग्रजी-मराठी कीकॅपचा, म्हणजे वरच्या सुट्या बटणांचा, सेट वेगळा मागवला. विकणारा फोनवर म्हणाला, "डबलशॉट आहे मॅडम, अक्षर जायचंच नाही."

सहा महिन्यांत काना गेला. मागोमाग हलंत, म्हणजे अक्षराचा पाय मोडायची खूण. इनस्क्रिप्टमध्ये काना इंग्रजी ईच्या बटणावर असतो आणि हलंत डीच्या. 'मालमत्ता' एवढा एकच शब्द घ्या: काना दोनदा, हलंत एकदा. एका साठेखतात तो किती वेळा येतो ते आमच्या वकिलांना विचारा. त्याच बटणांवरची इंग्रजी ई आणि डी मात्र कोरी करकरीत. म्हणजे विकणारा खोटं बोलला नव्हता. इंग्रजी अक्षरं डबलशॉटच, म्हणजे प्लॅस्टिकमध्येच ओतलेली होती, मराठी तेवढी वरून शाईने छापलेली.

म्हणून सेट घेताना 'डबलशॉट आहे का' एवढंच विचारू नका. 'मराठी अक्षर कसं उमटवलंय' ते विचारा, आणि जमलं तर बटणाचा उलट्या बाजूचा फोटो मागवा. डबलशॉटमध्ये अक्षर एका रंगाच्या प्लॅस्टिकचं आणि बाकीचं बटण दुसऱ्या, दोन्ही साच्यात एकमेकांत ओतलेली. उलटं केलं की आत बहुधा दोन रंग दिसतात. असं अक्षर बटण झिजेपर्यंत जात नाही. पण प्रत्येक अक्षराला वेगळा साचा लागतो, त्यामुळे मराठीसारख्या कमी खपाच्या अक्षरांसाठी कोणी सहसा एवढा खर्च करत नाही.

आपल्यासाठी खरा पर्याय डाय-सब्लिमेशनचा. कपावर फोटो छापून देतात तीच जात: उष्णतेने शाईची वाफ होते आणि ती प्लॅस्टिकच्या आत मुरते. याला पीबीटी नावाचं उष्णता सोसणारं प्लॅस्टिक लागतं, कारण बटणांचं दुसरं नेहमीचं प्लॅस्टिक, एबीएस, त्या उष्णतेत वाकतं. आणि शाई फक्त गडद करू शकते, उजळ नाही. तेव्हा काळ्या बटणावर पांढरं अक्षर दाखवून कोणी 'डाय-सब' म्हणालं तर पुढचा प्रश्न विचारा. ते डबलशॉट असेल, किंवा अक्षर सोडून सगळं बटण रंगवलेलं असेल, नाहीतर नुसती छपाई. मी शेवटी फिकट राखाडी बटणं आणि काळी अक्षरं घेतली. दिसायला सरकारी वाटतात, चालायचंच.

सेट हातात आला की आधी नख फिरवा. अक्षराची कड नखाला लागली तर शाई वर बसलेली आहे. मग एक बटण बळी द्या. मी उजव्या चौकटी कंसाचं देते, कारण त्यावर नुक्ता आणि ञ असतात, आणि खरेदीखतात ञ कोण मागतंय? कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून त्या अक्षरावर तीसेक वेळा चोळा. कापूस काळा झाला तर सेट परत पाठवा. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र वापरू नका. त्यात ॲसिटोन असलं तर एबीएसचं बटणच विरघळायला लागतं.

पीबीटी आहे की नाही, हे मिठाच्या पाण्यात कळतं. पेलाभर पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घालत जा, तळाशी थोडं उरलं पाहिजे. बटण बोटाने दाबून आतली हवा काढा आणि सोडा. एबीएस तरंगतं, पीबीटी बुडतं. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात, तिथे फसू नका. नंतर बटण धुऊन घ्या.

बटण चकचकीत होणं आणि अक्षर पुसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एबीएस डबलशॉटचं बटण आरशासारखं होईल, अक्षर तरी शाबूत राहील. पीबीटी चकाकायला वेळ लागतो, पण वरून छापलेलं असेल तर पीबीटीवरचंही अक्षर जातंच.

छापील सेट गळ्यात पडलाच असेल तर तो जपा. हाताला क्रीम लावून लगेच टायपिंगला बसू नका. धुवायची वेळ आली तर तारेच्या चिमट्याने बटणं काढा, कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, घासणी नको, आणि पालथी घालून रात्रभर वाळवा. अक्षरं टिकावीत म्हणून मी एकदा पारदर्शक नेलपॉलिश लावलं होतं. बटण चिकट झालं आणि उरलासुरला काना फरकटून त्याची वेलांटी झाली. स्टिकर पुसलेल्या दोन-चार बटणांपुरते ठीक, पण कडांना मळ धरतो.

मला स्वतःला अक्षरं लागत नाहीत, बोटांना पाठ आहेत. लागतात ती दुकानात शिकायला येणाऱ्या दोन मुलींना. त्यांच्यासाठी आता सेट घेतानाच ई आणि डीची जादा बटणं मिळतात का ते विचारते. त्यातही ओळ बघून घ्या. बहुतेक सेटमध्ये प्रत्येक ओळीची उंची आणि उतार वेगळा असतो, वरच्या ओळीचं बटण मधल्या ओळीत बसवलं तर बसतं, पण बोट दर वेळी अडखळतं.