कॅन, कुड, वुड : बडोद्याच्या मराठी घरांतून ऐकू येणाऱ्या या चुका टाळा

"एक काम होतं तुमच्याकडे," असं म्हणत रावपुऱ्यात कुणी दारात उभं राहिलं, तर 'होतं म्हणजे आता नाही का?' असं आपण विचारत नाही. काम अजून व्हायचंच आहे. माणूस फक्त भूतकाळाच्या आडोशाने अर्धं पाऊल मागे राहून ते सांगतोय. इंग्रजीतलं 'कुड' आणि 'वुड' विनंतीत नेमकं हेच करतात. "कॅन यू चेक धिस?" हे तोंडावर विचारणं झालं, आणि "कुड यू चेक धिस?" हे अर्धं पाऊल मागे सरकून. शाळेत मात्र 'कॅनचा भूतकाळ कुड' एवढंच पाठ करून घेतात. मग मुलं विनंतीत 'कुड' वापरायला बिचकतात आणि जिथे तो नको तिथे घुसवतात.

आपली खरी अडचण आणखी एक आहे. मराठीत नम्रता क्रियापदाच्या शेपटीत असते : दे, द्या, देता का जरा, द्याल का. त्यावर तू, तुम्ही, आपण आहेतच. मांडवीत भाजी घेताना तोंडात येणाऱ्या गुजरातीतही 'आपजो ने' आणि 'आपशो?' आहे. इंग्रजीत सासऱ्यांनाही 'यू' आणि शेजारच्या पोरालाही 'यू'. त्यामुळे आदराचा जवळजवळ सगळा भार कॅन, कुड, वुड या मंडळींवर येऊन पडतो.

'द्याल का' म्हणजे 'विल यू गिव्ह' नव्हे

ही चूक मी सर्वांत वर ठेवीन, कारण ती करणाऱ्याला ती कळतच नाही. मनात अगदी अदबीने 'फाइल द्याल का?' असतं आणि तोंडातून येतं "विल यू गिव्ह मी द फाइल?" व्याकरण शुद्ध आहे, पण ऐकणाऱ्याच्या कानाला ते बऱ्याचदा 'देतोस की नाही?' असं लागतं. मराठीत भविष्यकाळ मऊ आहे, इंग्रजीत 'विल यू' समोरच्याच्या इच्छेलाच हात घालतं. घरच्या माणसाशी, हसऱ्या आवाजात ते चालतं. ऑफिसात, आणि त्यातही लेखी, "कुड यू सेंड मी द फाइल, प्लीज?" हेच बरं.

नुसतं 'प्लीज' लावून काम भागत नाही. "प्लीज सेंड द रिपोर्ट बाय फाइव्ह" हा शिस्तीत दिलेला हुकूम आहे. 'काइंडली'चंही तेच. मकरपुरा जीआयडीसीतल्या दोन कारखान्यांमध्ये 'काइंडली'वर पत्रव्यवहार सुखाने चालतो, कुणाला काही वाटत नाही आणि तो बदलायची गरजही नाही. पण मेल परदेशातल्या ग्राहकाला जाणार असेल, तर प्रश्नाच्या रूपात लिहा.

'मे' हा सर्वांत सभ्य, असं शाळेत ठसल्यामुळे "मे यू प्लीज साइन हिअर?" ऐकू येतं. ते चूक आहे. परवानगी मागताना 'मे' सहसा 'आय' आणि 'वी'बरोबर येतो : "मे आय कम इन?" समोरच्याने काही करावं असं असेल तर 'कुड यू' किंवा 'वुड यू'. 'मे यू' म्हटलं की तो आशीर्वाद होतो, 'मे यू लिव्ह लाँग'सारखा.

"वुड यू लाइक टु सेंड मी द डॉक्युमेंट्स?" हीही फसवी नम्रता. 'वुड यू लाइक टु' आमंत्रणाला आहे, म्हणजे चहा घेणार का, गणपतीला येणार का. कागद पाठवण्याची हौस कुणाला असते?

'वुड यू माइंड'चं उलटं उत्तर

"वुड यू माइंड क्लोझिंग द डोअर?" याला आपला माणूस उत्साहाने "यस, यस!" म्हणतो आणि दार लावायला उठतो. दार लागतं म्हणून गैरसमज टळतो. फोनवर मात्र टळत नाही. प्रश्न आहे 'तुमची हरकत आहे का?', तेव्हा 'यस' म्हणजे 'हो, आहे'. होकार द्यायचा असेल तर "नॉट ॲट ऑल" किंवा "नो, ऑफ कोर्स नॉट" म्हणा. एवढं गोंधळाचं वाटत असेल तर सरळ "शुअर" म्हणून कामाला लागा.

इथेच रचनाही चुकते. "वुड यू माइंड टु क्लोझ" नाही, 'क्लोझिंग'च. आणि काम स्वतः करणार असाल तर "वुड यू माइंड इफ आय क्लोझ्ड द डोअर?" इथेही 'क्लोझ्ड' भूतकाळी रूपात, त्याच अर्ध्या पावलासाठी. बोलताना 'क्लोझ' म्हटलंत तरी बिघडत नाही.

उत्तरात मात्र हे मागे सरकणं नको. "कुड आय यूझ युवर पेन?" ला "यस, यू कुड" म्हणू नका, "यस, यू कॅन" म्हणा. मागणारा संकोचतो, देणाऱ्याने कशाला संकोचायचं?

येतं, जमतं, आवडे छे

पोहता येणं, गाडी चालवता येणं याला बडोद्यात हमखास "आय नो स्विमिंग" म्हणतात. "आय कॅन स्विम" म्हणा, नाहीतर "आय नो हाउ टु स्विम". (गुजरातीत 'मने तरतां आवडे छे' म्हणजे मला पोहता येतं, मराठीत पोहायला आवडणाऱ्याला पोहता येतंच असं नाही. दोन्ही भाषा घरात असलेली आपली मुलं या खड्ड्यातून सहज उडी मारतात, अडखळतात इंग्रजीत.)

'कॅन'नंतर क्रियापद मूळ रूपात येतं. "ही कॅन स्पीक्स", "कॅन टु स्पीक" दोन्ही बाद. "आय कॅन एबल टु" म्हणजे एकाच कामावर दोन माणसं लावणं, त्यातला एक काढा. 'विल कॅन' होत नाही, 'विल बी एबल टु' म्हणावं लागतं.

खरी गोम भूतकाळात आहे. सयाजीरावांचंच उदाहरण घेऊ. 1875 मध्ये कवळाण्याहून बडोद्यात दत्तक आले तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं : "ही कुड नॉट रीड ऑर राइट." अगदी बरोबर. पुढे 1906 मध्ये त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. आता "ही कुड मेक एज्युकेशन कम्पल्सरी इन 1906" असं लिहिलंत, तर वाचणारा पुढच्या 'पण'ची वाट बघत बसेल : करू शकले असते, पण? एकदा घडलेली, हाती लागलेली गोष्ट 'कुड'ने सांगितली की ती धूसर होते. तिथे 'वॉज एबल टु' किंवा 'मॅनेज्ड टु' पाहिजे : "ही वॉज एबल टु मेक इट कम्पल्सरी." म्हणून "आय कुड क्लिअर द एक्झाम लास्ट इयर" ऐवजी "आय मॅनेज्ड टु क्लिअर द एक्झाम" म्हणा. निदान पास झालात हे तरी कळू दे.

अंगी असलेली सवयीची क्षमता सांगताना 'कुड' चालतो : "आय कुड स्विम व्हेन आय वॉज सिक्स." नकारात तर कुठेही चालतो, एका प्रसंगासाठीसुद्धा : "आय कुडन्ट फाइंड पार्किंग निअर सूरसागर." दिसणं, ऐकू येणं, वास येणं यांनाही सूट आहे : "आय कुड हिअर द ढोल."

स्वतःच्या शब्दावर 'वुड' नको

विनंतीत मागे सरकणं शोभतं, वचनात ते महाग पडतं. "वी वुड बी डिस्पॅचिंग द मटेरिअल ऑन मंडे" असं वाक्य भारतीय मेलमध्ये रोज दिसतं. लिहिणाऱ्याला ते भारदस्त वाटतं. वाचणारा परदेशी खरेदीदार मात्र विचारात पडतो, पाठवू म्हणजे कशावर अवलंबून? 'वुड'मागे एखादी अट दडलेली असते. माल सोमवारी जाणार असेल तर 'विल' लिहा. तसंच "आय वुड बी कमिंग टुमॉरो", यायचं असेल तर "आय विल कम" किंवा "आय ॲम कमिंग".

आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या 'जनरल ट्रेनिंग' प्रकाराला बसणाऱ्यांनी हे जरा जास्त मनावर घ्यावं. लेखनाचा पहिला भाग म्हणजे किमान 150 शब्दांचं पत्र, आणि त्यात पत्राचा सूरही तपासला जातो. घरमालकाला हीटर दुरुस्त करायला सांगताना "यू मस्ट रिपेअर" लिहिलं की सूर गेला. "आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड हॅव इट रिपेअर्ड" हे साचेबद्ध आहे, पण चोख आहे. मित्राच्या पत्रात तेच वाक्य उपरोधिक वाटेल, तिथे "कॅन यू" पुरे. गंमत म्हणजे आमंत्रणात 'मस्ट' प्रेमाचा होतो : "यू मस्ट कम फॉर गणपती!"

ऐकू काय जातं

एवढं सगळं साधूनही एक घोळ उरतो. आपण 'कॅन' ठासून म्हणतो : "आय कॅन कम." इंग्रजी बोलणारे होकारातला 'कॅन' जवळजवळ गिळतात, "आय कन् कम", आणि जोर 'कम'वर देतात. जोर 'कॅन'वर आला की, विशेषतः अमेरिकी कानाला, तो नकार वाटू शकतो, कारण त्यांच्या 'कॅन्ट'मधला शेवटचा 'ट' नीट ऐकूच येत नाही. तेव्हा होकारात पुढच्या क्रियापदावर जोर द्या. फोनची लाइन खराब असेल तर "यस, आय कॅन" किंवा "नो, आय कॅन्ट" अशी 'यस-नो'ची जोड द्या. मुलाखतीची वेळ ठरत असेल तर "सॉरी, आय वोन्ट बी एबल टु कम" असं लांबलचक म्हटलेलं चांगलं, त्यातला नकार कुणाच्या कानातून निसटत नाही.