पवनचक्की पुन्हा फिरवायचीय? आधी झाडं बघा

जुनी पवनचक्की दुरुस्त करून चालतं संग्रहालय करायचं असेल, तर लाकडाला हात लावण्याआधी वर चढा आणि चारही दिशांना झाडं बघा. आम्ही बघितली नव्हती. तीन वर्षं खपून पाती, माथा (पाती धरणारा, वाऱ्याकडे वळणारा वरचा भाग), चाकांचे दाते सगळं उभं केलं, आणि पहिल्या दिवशी पाती जेमतेम हलली. चक्की बंद होती तेवढ्या वर्षांत वाऱ्याच्या अंगाची झाडं पात्यांच्या वर गेली होती. अडलेला वारा नुसता कमी होत नाही, भोवरे घेत येतो. पात्यांना बसणारे हिसके थेट मुख्य कण्यावर जातात. नेदरलँड्समध्ये चक्कीपासून 100 मीटरच्या आत पात्याच्या खालच्या टोकाहून उंच काही नसावं, असा दंडक धरतात. तेवढं अंतर टेपने मोजा. शेजारच्या जमिनीवर पुढे काय बांधणार, हे मालकाकडून लेखी घ्या. तोंडी नको.

परवानग्या, जुने फोटो, मोजमापं: हे सगळेच करतात.

लाकूड पुरतं मुरलेलं घ्या. दाते लाकडी असतील तर लाकडीच ठेवा. लोखंडी चाकाशी भिडताना आवाज कमी, ठिणगी नाही, आणि मोडला तर एक दाता बदलतो, अख्खं चाक नाही. जुने दाते मोजून तितकेच बसवा. जोडीच्या चाकांवर संख्या बहुधा अशी धरलेली असते की तेच दोन दाते दर फेरीला भेटत नाहीत, म्हणून झीज सारखी होते. एकाने काय बिघडतं म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

पाती वेगात असताना ब्रेक घासत राहिला तर लाकडी ठोकळे पेटतात. चक्क्या जळल्यात अशाने. जातं धान्याशिवाय फिरवायचं नाही, दगडाला दगड लागून ठिणग्या उडतात. जात्याच्या दगडाला टाकी लावणारा माणूस आत्तापासून शोधा. माथा सहज वळला पाहिजे. वारा पाठीमागून आला तर माथाच उचकटू शकतो.

आणि झाडं! एकदा छाटून भागत नाही. दरवर्षीची छाटणी खर्चात धरा, आत्ताच.

चालवायला शिकलेली माणसं हवीत. डच स्वयंसेवकांनी त्यासाठी 1972 मध्ये संघटनाच काढली. बाकी वीजरोधक, जिन्याला कठडा, चाकांपुढे जाळी, पिठाची धूळ रोज झाडणं, विमा. पात्यांखाली कुंपण.

उद्घाटनाची तारीख छापण्याआधी महिनाभर वारा मोजा. पात्यांच्या उंचीवर, जमिनीवर नाही.